पायाकडचा काठ

निलव्वा, तुझ्यावर लावलेली बाभळ शेळीनं खाल्ली.

तुझ्याच शेळीनं. ती एक कान फाटलेली, जिला तू भवानी म्हणून हाक मारायचीस आणि जिच्या पाठीत दिवसातनं एकदा तरी काठी घालायचीस. तिसऱ्याला आम्ही दूध-भाकर घेऊन तुझ्या मातीवर आलो तर ही बया तिथं उभी, तोंडात शेवटचं पान, आणि रोपाच्या जागी नुसती काडी. तुझ्या बिरानं दगड उचलला. मी म्हटलं, टाक खाली. तुझ्या आईनं काय सांगून ठेवलं होतं? माझ्यावर बाभळ लावा, शेळ्यांना शेंगा हुतील. शेळीला शेंगा धरेपर्यंत दम निघाला नाही, एवढंच झालं. बिरा रडायला लागला. मला हसू आलं आणि मी पदर तोंडात कोंबला, कारण तुझ्या मातीपाशी हसायचं एकदा आधीच होऊन गेलं होतं. ते पुढं सांगते.

तू ऐकतेस की नाही मला माहीत नाही. जिवंत होतीस तेव्हाही ऐकत नव्हतीस, त्यामुळं मला काही वेगळं वाटत नाही. मी आपली बोलते.

चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. सांगलीच्या सत्कारातला फोटो, खांद्यावर ती हिरवी शाल, आणि खाली लिहिलंय, प्रेमळ, मायाळू, सर्वांची माउली. मी उभी राहून सगळं वाचलं. म्हटलं, ही कोण बाई गेली? आपल्या ओळखीची दिसत नाही. माझ्या ओळखीची निलव्वा मायाळू नव्हती. तिनं लोकांना रडवलं, भाजलं, चारचौघांत उघडं पाडलं. लंगडं मेंढरू तिनं कधी खांद्यावर घेतलं नाही, मागं राहिलं तर राहिलं. मेल्यावर सगळ्यांना साखर लावायची आपल्याकडं रीतच आहे, पण तुला साखर लावली तर मुंग्यासुद्धा येणार नाहीत.

तो फ्लेक्स काही कुजायचा नाही. वर्ष भरलं की उतरव आणि शेळ्यांच्या खोपटावर टाक, असं मी बिराला सांगितलंय. तुझं तोंड आभाळाकडं करायचं की शेळ्यांकडं, यावर तुझ्या सुनेचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.

आपली ओळख लोकरीची. तुमची मेंढरं, आमचा माग. तुम्ही धनगर कातरणार, आम्ही सांगर विणणार, हे जतच्या त्या उजाड माळावर आपल्या सासऱ्यांच्या बापजाद्यांपासून चाललेलं. आमच्या घरात बाया लोकर पिंजायच्या, चातीवर सूत काढायच्या, चिंचोके शिजवून ताण्याला लावायची खळ करायच्या. पण मागाच्या खड्ड्यात पाय सोडायचे ते पुरुषानं. आमचे हे गेले तेव्हा बायका मला धरून बसल्या होत्या, एक ओरडायची थांबली की दुसरी सुरू करायची. तू आलीस ती उंबऱ्यातच उभी राहिलीस. तुझ्या पायाला मेंढरांची लेंडी होती. म्हणालीस, "रडून झालं का गं? आत ताणा लावलेला हाय अर्धा. उंदरं कुरतडत्यात."

कुणी मेलेल्या घरात असं बोलतं का? तू आत आलीस, माझ्या दंडाला धरून मला मागापाशी नेलंस आणि खड्डा दाखवलास. "सोड पाय. तो काय परत येऊन इनणार न्हाई."

सासूबाईंनी तुझ्या सात पिढ्या काढल्या. तू वळून म्हणालीस, म्हातारे, मग तू इन. मी पाय सोडले. खड्ड्यात गार होतं, आणि ह्यांच्या पायानं घासून गुळगुळीत झालेली पावडी माझ्या तळव्याला लागली. मी त्या दिवशी चार बोटं विणलं, सगळं तिरकं. तू ते बघून म्हणालीस, कुत्र्याच्या अंगावर घालायलाबी चालणार न्हाई. आणि गेलीस.

त्या ताण्याला लोकर तुझी होती आणि ती तुला वाया जाऊ द्यायची नव्हती, हेही खरं. पण मी आज माझ्या हातचं खाते ते त्या दिवसामुळं, आणि हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तू मला वेडंवाकडं बोलली असतीस. मिरजेच्या दवाखान्यात बोलावंसं वाटलं, तर तिथंही भलतंच बोलून बसले. तेही पुढं सांगते.

मग ते दिवस आले की लोकरीला कुणी हुंगेना. बाजारात चादरी आल्या, गुलाबाच्या फुलांच्या, वाघाच्या तोंडाच्या, हलक्या आणि धुवायला सोप्या. मेंढरं कातरायची ती त्यांना उन्हाळा सोसवेना म्हणून, आणि कातरलेली लोकर ओढ्यात टाकायची नाहीतर पेटवून द्यायची. तिचा तो केस जळल्यासारखा वास सगळ्या वस्तीला असायचा. आणि मग तुझी ती चुंबळ.

डोक्यावर घागर ठेवायची लोकरीची कडी, जुनी, चेपलेली. टँकर आला नाही म्हणून तू रागानं ती बांधावर भिरकावून दिलीस. पुढच्या पावसाळ्यानंतर आजूबाजूला सगळं करपलेलं असताना त्या चुंबळीच्या मधोमध बोरीचं रोप उभं होतं. तू मला माझ्या मागावरनं उठवून, उन्हात, अनवाणी ओढत नेलंस. चुंबळ उचललीस. खाली माती ओली. तू बोट खुपसलंस आणि ते माझ्या नाकापाशी धरलंस. तुझ्या तोंडावर असा आनंद मी पुन्हा बघितला नाही, म्हणून ते आठवणीनं सांगते.

त्यानंतरचं गावाला माहीत आहे. आपण बायका जमलो. टाकाऊ लोकरीच्या जाड चुंबळी करायच्या, डाळिंबाच्या रोपाभोवती आळ्यात घालायच्या. पाणी धरून ठेवतात, आणि कुजल्या की खत होतात. फाटलेली घोंगडी फेकायची नाही, तिचीही चुंबळ. मेंढरं डाळिंबाच्या पट्ट्यात रात्रीची बसवायची, लेंडी-मूत तिथंच. मातीतलं मेंढराच्या पोटात, मेंढराच्या अंगावरनं आपल्या अंगावर, आपल्या अंगावरनं परत मातीत. पुण्याच्या संस्थेतल्या मॅडम आल्या आणि त्यांनी याला चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात असं सांगितलं. तू विचारलंस, आधी काय चौकोनी हुती काय?

त्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी चुंबळीचे कागदावर आराखडे काढून आणले, गोल, लांबट, कप्प्याकप्प्यांचे, आणि म्हणाल्या डिझाइन आम्ही देतो, तुम्ही फक्त बनवा. तू कागद उलटा-सुलटा केलास आणि मेंढरापुढं धरलास. मेंढरानं हुंगून तोंड फिरवलं. "खाईनाबी," म्हणालीस, आणि कागद परत दिलास. मॅडमचं तोंड एवढंसं झालं. मी रात्रभर तळमळले त्यांच्यासाठी. पण पुढच्या वेळी त्या कोरा कागद घेऊन आल्या आणि आपल्याला विचारत विचारत काढायला बसल्या, हेही खरं आहे. तुझ्या क्रूरपणाला नेहमी असं काहीतरी फळ धरायचं, याचाच मला जास्त राग यायचा.

आता आपल्या भांडणाकडं येते. ते मिटलं नाही आणि आता मिटणारही नाही.

नियम तू घातला होतास. जे कुजत नाही ते आपल्या हातनं बाहेर जाणार नाही. आणि नियमावर नुसता विश्वास ठेवायचा तुझा स्वभाव नव्हता. दिवाळीनंतर मेंढरं खाली कृष्णाकाठाला जायच्या आधी प्रत्येकीनं आपल्या हातची एक वस्तू वाड्यातल्या लेंडीखताच्या खड्ड्यात पुरायची, आणि पुढच्या दिवाळीला सगळ्यांसमोर उकरायची. ज्या बाईचं काही शिल्लक निघालं नाही तिला तू गुळाचा खडा द्यायचीस. आपलं काम नाहीसं झालं म्हणून गूळ खाणाऱ्या बायका मी दुसरीकडं कुठं बघितल्या नाहीत.

त्यात तो रोपवाटिकेवाला आला. चुंबळी चांगल्या आहेत, म्हणाला, पण एका पावसाळ्यात विरतात. नायलॉनच्या दोऱ्यानं शिवून द्या, पाहिजे तेवढ्या घेतो. मी म्हटलं देऊया. तू म्हटलंस न्हाई. मी म्हटलं, निलव्वा, घोंगडीचंही तेच आहे. ती मधे फाटत नाही, काठाला सुटते. काठ गेला की सगळी गेली. एवढासा दोरा काठात घातला तर दुप्पट टिकेल. गिऱ्हाईक काय दर वर्षाला नवी घेणार आहे? तू म्हणालीस, टिकाया काय झालंय, तुझी सासूबी टिकली हाय.

मी हट्टाला पेटले. मासेवाल्याच्या जाळ्याचा हिरवा दोरा आणला आणि एक घोंगडी विणली, तिच्या लांबीच्या काठांना ताण्यातच तो दोरा धरला, आडव्या बाजूंना मागनं सुईनं घातला, कोपऱ्यांत गाठी मारल्या. लपवलं नाही. तुला दाखवली. त्याच पद्धतीचं एक बसकरही केलं, बुडाखाली घ्यायचं. तू बसकर हातात घेतलंस. "पुरूया. माती सांगंल." मी म्हटलं पूर. मला वाटलं, निदान तुला एवढं तरी दिसेल की काठ कसा धरतो.

उकरायच्या दिवशी सगळ्या होत्या. आपल्यातल्या कमळचं काही निघालं नाही, तिला गूळ. माझ्या जागी तू फावडं घातलंस आणि दोन बोटांनी वर काढलंस. लोकर नव्हतीच. सगळी काळं रेंदाड होऊन गेली होती. राहिली होती ती नुसती हिरवी चौकट, चारी कोपऱ्यांच्या गाठींसकट, जशीच्या तशी. तू ती झटकलीस, सगळ्यांना दाखवलीस आणि माझ्या गळ्यात घातलीस.

"ह्ये बघा शांताक्काचं बसकर. बसा कोण बसतंय."

कमळ हसली. मग सगळ्या हसल्या. माझ्या गळ्याला लेंडीचं पाणी लागलं होतं. मी तुझ्याहून मोठी, निलव्वा, सासूसुना बघितलेली बाई. मी ती चौकट काढली नाही. तशीच घरी गेले आणि घरी जाऊन काढली. तू संध्याकाळी आलीस आणि दोरीवर वाळत घातलेली ती घोंगडीही ओढून नेलीस. ही गावात दिसाया नको, म्हणालीस. पुढच्या बाजारी मी विचारलं, काय केलीस तिचं? तू म्हणालीस, "जाळली. आदी लोकरीचा वास आला, मग तुझ्या दोऱ्याचा."

रोपवाटिकेवाला गेला. ते वर्ष अवघड गेलं. कमळनं कानातलं मोडलं. तुझा बिरा गलाईला परमुलखात, सोनाराच्या दुकानातली धूळ झाडून त्यातलं सोनं काढणारा, तो पैसे पाठवायचा म्हणून तुझी चूल पेटत होती. आमची नव्हती पेटत. तुझ्या नियमाची किंमत आम्ही भरली, हे मी तुला तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते. तू म्हणालीस, मग जा की, घाल दोरा, तुझा हात कुणी धरलाय? हात कुणी धरला नव्हता. पण तू बोलल्यावर गावातल्या एकाही बाईनं नायलॉनला बोट लावलं नसतं, हे तुला पक्कं माहीत होतं.

मी तुझ्याशी बोलायची थांबले. किती दिवस ते जाऊ दे. सांगलीच्या कार्यक्रमाला मॅडमनी दोघींना एकाच गाडीत बसवलं म्हणून बोलणं झालं, तेही खिडकी उघड, खिडकी लाव एवढंच. तिथं तुझा सत्कार. मॅडमनी स्वतः तुला शाल घातली, ती हिरवी, आणि बोला म्हणाल्या. शालीचा एक दोरा ओढून काढलास, कनवटीच्या काडेपेटीची काडी लावलीस, आणि तो वितळून त्याचा मणी झाला तसा मॅडमच्या तळहातावर ठेवलास.

"लोकर जळली की राख हुती. ह्याचा मणी हुतोय. धर."

त्यांनी हात मागं घेतला नाही. एवढ्या लोकांसमोर कसा घेणार? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागं जाऊन त्यांच्या हातावर मी पाणी ओतलं, तळव्याची कातडी उठली होती. त्या म्हणाल्या, बरोबर आहे त्यांचं. मी म्हटलं, असेल, पण हात तुमचा भाजला. परतीच्या गाडीत मी तुला फाडून खाल्लं. त्या बाईचा काय दोष, म्हटलं. तू खिडकीकडं तोंड करून म्हणालीस, दोष न्हाई, पण आता इसरणार न्हाई ती. माणसाला डाग दिल्याशिवाय त्याला काही कळत नाही, अशी तुझी पक्की समजूत. मेंढरांना देतात तसा.

मग मिरज. पिंजून पिंजून लोकरीची कुसं छातीत बसलेली, आणि चुलीचा धूर वर. मला आत सोडलं तेव्हा माझ्या लुगड्यावर प्लास्टिकचा अंगरखा घातला होता. तुझ्या नाकात नळी, तोंडावर मुखवटा, हातात सुई, अंगाखाली मेणकापडासारखी चादर. तुझी बोटं ती चादर चाचपत होती, जशी तू लोकर चाचपायचीस, भेसळ शोधत. मला सांगायचं होतं की बाई, तू मला मागावर बसवलंस, तू नसतीस तर मी दिरांच्या दारात भांडी घासत मेले असते. आणि तोंडातनं काय निघालं? मी तुझ्या कानाशी वाकले आणि म्हटलं, बघ, आता कशानं धरून ठेवलंय तुला? आलीस का माझ्या बाजूला?

तू मुखवट्याच्या आत हसलीस की खोकलीस, मला कळलं नाही. नर्स आली आणि मला बाहेर काढलं. तुझं-माझं शेवटचं बोलणं ते. बोलणारी मीच. तुला उत्तर देता येत नव्हतं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं, आणि मी त्या संधीचं हे केलं.

माती द्यायच्या दिवशी पुष्कळ माणसं आली. प्रत्येकजण शाल घेऊन. तुझ्या अंगावर शालींचा ढीग झाला, गुलाबी, जांभळ्या, चमकीच्या, आणि त्यावर प्लास्टिकच्या कागदात बांधलेले हार. तू मधे कुठं आहेस ते दिसेना. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. आता मोठी मीच ना. मी एकेक शाल काढायला लागले. लोकांत कुजबूज झाली, की म्हातारीला मेलेल्या बाईचं एवढं वैर. मी सगळ्या काढल्या आणि म्हटलं, तिची घोंगडी आणा.

बिरानं तुझ्या वळकटीतनं आणली. म्हणाला, "मावशी, आईनं सांगितलेलं, हीच घाला. दुसरी न्हाई."

काळीभोर, मऊ पडलेली, तुझ्या बिछान्याचा आणि मेंढरांचा वास असलेली. आम्ही ती पसरली, तुला तिच्यावर ठेवलं, वरनं भंडारा टाकला, आणि मी पांघरायला काठ हातात घेतला. आणि माझी बोटं थांबली. कडक होता काठ. कुठंही सुटलेला नव्हता. मी नखानं लोकर बाजूला केली. आत हिरवा दोरा.

निलव्वा, खोटारडे.

जाळली म्हणालीस. वाससुद्धा सांगितलास. कमळनं कानातलं मोडलं त्या हिवाळ्यात तू माझ्या नायलॉनच्या काठाखाली झोपत होतीस. आम्हाला गूळ वाटत होतीस आणि रात्री पायाखाली तोच काठ दाबून घेत होतीस. इतकी वर्षं. आणि वर मरताना सांगून ठेवलंस, हीच घाला.

मला एका क्षणात दोन गोष्टी कळल्या. गप्प राहिले तर तू जशी फ्लेक्सवर आहेस तशी जाशील, नियमाची पक्की, आणि आम्ही तुझ्या नियमाखाली राहू. बोलले तर तुझा नियम तुझ्याच मातीवर मोडेल. सगळ्या बायका उभ्या होत्या. ज्या त्या दिवशी हसल्या होत्या त्याच.

मी काठ वर धरला. म्हटलं, "बघा गं. जाळलेली घोंगडी."

कुणाला आधी कळेना. मग कमळ पुढं आली, तिनं काठ चिमटीत धरला, हिरवा दोरा बघितला, तुझ्या तोंडाकडं बघितलं, आणि हसली. ती हसली तसं दुसरीला आवरेना. मग सगळ्या. पुरुष माणसं थक्क, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं तुझं तोंड वर, आणि भोवती तुझ्या बायका पोट धरून हसतायत. मॅडम मागं उभ्या होत्या. त्यांनी रिकाम्या हातानं यायचं तेवढं शहाणपण केलं होतं. त्यांनी तळहात माझ्यापुढं धरला, मधोमध पांढरा डाग. त्याही हसत होत्या आणि डोळ्यांतनं पाणी चाललेलं.

हसून झाल्यावर मी पदराची सुई काढली आणि तुझ्या उशाशी बसले. बिरा म्हणाला, मावशी, काय करताय, लोक थांबल्यात. मी म्हटलं, थांबू देत. जे कुजत नाही ते मातीत जाणार नाही. तुझ्या आईचा नियम आहे, तिनं पाळला नाही तर मी पाळते.

डोक्याकडचा काठ उसवला. मग लांबीचे दोन, ताण्यातनं ओढून काढायचे. माझाच हात किती घट्ट होता ते मला तेव्हा कळलं. दाताला धरून ओढावं लागलं. लोकर तोंडात आली, तुझ्या अंगाच्या वासाची. ऊन चढलं. पुरुष बाभळीच्या सावलीला जाऊन बसले आणि कुणीतरी म्हणालं, ह्या बाया मेलेल्यालाबी सुखानं जाऊ देत न्हाईत. खरं आहे. देत नाही.

मग पायाकडचा काठ. मी तुझी पावलं उचलली, काठाखाली सुई घातली, आणि थांबले.

तू तिथं पाय दाबून झोपायचीस हे दिसत होतं. तेवढीच लोकर झिजून चकचकीत झाली होती, आणि तरी काठानं ती सोडली नव्हती. माझं म्हणणं खरं होतं, निलव्वा. काठ धरतो. हे तुला माहीत होतं. माझी घोंगडी तू मातीत पुरून बघितली नाहीस, अंगावर घेऊन बघितलीस, रोज, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. का? मला वर चढू द्यायचं नव्हतं म्हणून? का ती मी विणली होती म्हणून? पहिलं असेल तर तू नीच आहेस. दुसरं असेल तर त्याहून नीच, कारण मग सांगायला काय झालं होतं?

मी सुई काढून घेतली. बिराला म्हटलं, झालं. घाला खाली.

तो काठ मी मुद्दाम ठेवला. तू कुजशील, घोंगडी कुजेल, हाडं राहतील ती पण कधीतरी जातील. तो पायाकडचा काठ राहील. तुला उकरायला कुणी येणार नाही, पण तुला माहीत असेल आणि मला माहीत असेल. जा घेऊन.

तुझ्या दहाव्याला रोपवाटिकेवाल्याचा फोन आला. म्हणाला, आता त्या म्हाताऱ्या बाई नाहीत, तर दोऱ्याचं बघा ना. सगळ्या जमलेल्याच होत्या. कमळ माझ्याकडं बघून म्हणाली, "काय आता, शांताक्का? तिनंच पांघरली म्हंजी आपल्याला मोकळीक का न्हाई?"

मला मोकळीक पाहिजे होती, इतकी वर्षं. हातात आल्यावर मला तिचं काय करावं ते कळेना. मग मी म्हटलं, चुंबळीत नाही घालायचा. ती मातीतच जाते, तिथं निलव्वाचं खरं. घोंगडीत घालायचा. ती माणसाच्या अंगावर राहते, तिथं माझं खरं. पण मेलेल्या बाईच्या पायाशी बसून दातानं उसवायची पाळी पुन्हा कुणावर यायला नको. काठ असा घालायचा की एका कोपऱ्यातली गाठ सोडली आणि ओढलं की सबंध दोरा एका दमात हातात आला पाहिजे. घोंगडी मातीला, दोरा पुढच्या घोंगडीला. रोपवाटिकेवाल्यानं फोन ठेवून दिला. मॅडम म्हणाल्या, हे फार मोठं डिझाइन आहे, कुणाचं म्हणून लिहू? कमळ म्हणाली, लिवा, एका खोटारड्या बाईचं आन एका खुनशी बाईचं.

पहिले काही काठ अडकले. एक तर असा ओढला की निम्मी घोंगडी बरोबर आली. तू असतीस तर ती कुणाच्या तरी गळ्यात घातली असतीस. आता जमतंय.

माझी स्वतःची घोंगडी मागावर लावली आहे, शेवटची समज. तिच्या काठाला नवा दोरा आणला नाही. तुझ्या घोंगडीतनं काढला तोच घातला, अजून जसाच्या तसा आहे, एक धागा झिजलेला नाही. तीन बाजूंना पुरला. चौथ्या बाजूचा तुझ्याकडं आहे. कमळ म्हणते, तेवढा नवा घाल. मी घालणार नाही. माझी पायाकडची बाजू उघडीच राहणार. ती सुटत जाईल, थंडीत माझे पाय बाहेर पडतील, गार पडतील, आणि मी उठून बसेन आणि अंधारात तुला शिव्या घालीन.

तू माती झाली असशील तरी घालीन. ऐकायची सवय कर.